साफ केलं आणि जागा कमी झाली!

दुरुस्तीच्या टेबलावरून : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सर, नमस्कार. कुडाळजवळ आमचा काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे. हिशेब आणि पत्रव्यवहार मी बघते. 2014 पासूनचे सगळे मेल थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅममध्ये आहेत. व्यापाऱ्यांची बिलं, कच्च्या बीचे सौदे, डब्ल्यू 240 आणि डब्ल्यू 320 या काजूगराच्या प्रतींच्या नमुन्यांचे फोटो, सगळं एका इनबॉक्समध्ये. आता तो 6.2 जीबीचा झालाय. गेल्या महिन्यात थंडरबर्ड सांगू लागलं की डिस्कवर पुरेशी मोकळी जागा नाही म्हणून इनबॉक्स कॉम्पॅक्ट करता येत नाही, काही फायली डिलीट करा आणि पुन्हा प्रयत्न करा. तेव्हा सी ड्राइव्हवर 5.2 जीबी मोकळी होती. मी दोन रात्री जागून जुने मेल डिलीट केले. सकाळी पाहते तो मोकळी जागा 3.1 जीबी! भाच्याने त्याचे फोटो पेनड्राइव्हवर हलवून 4.5 जीबी केली. मग कॉम्पॅक्ट सुरू झालं आणि अर्ध्यावर बंद पडलं. आता संदेश येतो की फोल्डरमध्ये लिहिता आलं नाही. डावीकडे 'एनएसटीएमपी' नावाचं एक फोल्डर आपोआप उगवलंय, तो व्हायरस आहे का? मोकळी जागा 1.9 जीबी. बॅकअप घ्यायला गेलो तर 32 जीबीचा रिकामा पेनड्राइव्हसुद्धा म्हणतो, फाइल फार मोठी आहे. मी जेवढं साफ करते तेवढं घर भरत चाललंय. काय करू?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : ताई, आधी सर म्हणणं सोडा. मी मिरजेत स्टेशनजवळ बसणारा माणूस. टाइपरायटरच्या दुरुस्तीपासून सुरुवात केली, आता जे येईल ते दुरुस्त करतो. दुसरं म्हणजे एनएसटीएमपी हा व्हायरस नाही. तो काय आहे ते सांगतो, पण माझं उत्तर पुरतं वाचून होईपर्यंत त्याला हात लावू नका. तिसरं, तुम्ही गोंधळ घातलेला नाही. गोंधळ त्या संदेशाने घातला. 'काही फायली डिलीट करा' म्हणजे डिस्कवरच्या फायली, सिनेमे, फोटो वगैरे. तुम्हाला तो थंडरबर्डच्या खिडकीत दिसला, म्हणून तुम्ही मेल डिलीट केले. तुमच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

आता जागा कमी का झाली ते बघू. डाव्या बाजूला तुम्हाला दिसणारं प्रत्येक फोल्डर ही डिस्कवरची एक फाइल असते. इनबॉक्समध्ये पंधरा हजार मेल असले तरी पंधरा हजार फायली नसतात, 'इनबॉक्स' नावाची एकच लांबलचक फाइल असते, तीही साधी वाचता येणारी. एका मेलखाली दुसरा, दुसऱ्याखाली तिसरा. शेजारी त्याच नावाची, शेवटी एमएसएफ लावलेली एक छोटी फाइल असते. ती अनुक्रमणिका. कुठला मेल कुठल्या जागेपासून सुरू होतो, वाचला की नाही, तारा लावलाय का, एवढंच तिच्यात.

म्हणजे शिवलेली वही म्हणा. तुमच्या सासऱ्यांच्या काळी कारखान्यात रोजमेळाची लाल वही असेलच. एखादी नोंद रद्द झाली तर पान फाडायचं नाही, नोंदीवर आडवी काट मारायची आणि पुढे लिहायचं. थंडरबर्ड तेच करतं. मेल डिलीट केला की अनुक्रमणिकेतून नाव जातं, वहीत मेलवर काट बसते, पण मेल अक्षरन् अक्षर जागच्या जागी राहतो.

बोलून पटणार नाही म्हणून काल दुकानात करून पाहिलं. 'चाचणी' नावाचं फोल्डर केलं, त्यात फोटो असलेले तीन मेल टाकले. डिस्कवर फाइल झाली 412 केबी. मधला मेल डिलीट केला. यादीत दोन उरले, फाइल 412 केबीच. आणि हे महत्त्वाचं : ट्रॅशची फाइल 138 केबीने वाढली. कारण डिलीट म्हणजे ट्रॅशमध्ये हलवणं, आणि हलवणं म्हणजे तिकडे नवी प्रत उतरवून इकडे काट मारणं. एका मेलच्या दोन प्रती झाल्या. मग 'चाचणी'वर राइट क्लिक करून कॉम्पॅक्ट म्हटलं, तेव्हा कुठे ती 274 केबीवर आली. ट्रॅश मात्र तेवढीच.

तुम्ही दोन रात्रीत 2.1 जीबी मेल डिलीट केले. इनबॉक्सची फाइल 6.2 चीच राहिली, ट्रॅश 2.1 ने फुगली, आणि 5.2 मधून 2.1 गेले की 3.1 उरतात. हिशेब चोख जुळतो, तुम्हीच मांडलाय पत्रात.

कॉम्पॅक्ट म्हणजे काय, तर काट नसलेल्या नोंदी नव्या वहीत स्वच्छ उतरवून काढायच्या, उतरवून झाल्या की जुनी वही टाकून नवीला जुनीचं नाव द्यायचं. त्या अर्धवट नव्या वहीचं कामापुरतं नाव म्हणजे तुमचं एनएसटीएमपी. काम नीट पुरं झालं तर ती तुम्हाला कधीच दिसत नाही. दिसली याचा अर्थ लिहिता लिहिता हात थांबला. आणि नवी वही पुरी होईपर्यंत जुनी टाकता येत नाही, म्हणून काही वेळ दोन्हींना जागा लागते. तुमच्या इनबॉक्समध्ये जिवंत मेल 4.1 जीबी. भाच्याने 4.5 करून दिली, म्हणून थंडरबर्डने सुरुवात केली. पण 400 एमबीची फट म्हणजे काहीच नाही. तेवढी तर विंडोज स्वतःच्या कामाला मधेच ओढून घेतं. ब्राउझर उघडा असेल तर त्याचा वेगळा घास. एनएसटीएमपीवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा, किंवा डिस्कवर त्या फाइलचा आकार बघा. तुमच्या आकड्यांवरून ती 2.6 जीबीच्या आसपास भरली पाहिजे.

आता काम. क्रम बदलू नका.

सगळ्यात आधी बॅकअप. तुमचं खातं पॉप पद्धतीचं आहे, म्हणजे मेल सर्व्हरवरून उतरवून तुमच्या मशीनवर ठेवणारं (तुम्ही पाठवलेल्या सेटिंगच्या फोटोत दिसलं), आणि सर्व्हरवरची प्रत 14 दिवसांनी पुसली जाते. म्हणजे अकरा वर्षांचा पत्रव्यवहार जगात फक्त त्या एका डिस्कवर आहे. हे वाचून तुमच्या पोटात गोळा आला असेल तर बरंच झालं. थंडरबर्डच्या मदत मेनूत ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन उघडा, तिथे प्रोफाइल फोल्डरच्या, म्हणजे तुमचे मेल आणि सेटिंगं जिथे राहतात त्या फोल्डरच्या, ओळीत ते उघडायचं बटण आहे. ते दाबा, फोल्डर उघडं ठेवा आणि थंडरबर्ड बंद करा. खरंच बंद झालं का ते टास्क मॅनेजरमध्ये पाहा, कधी कधी खिडकी जाते आणि प्रोग्रॅम मागे चालू राहतो. मग ते अख्खं प्रोफाइल फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवा.

पेनड्राइव्ह कुरकुरला त्याचं कारण त्याचा एफएटी 32 हा जुना साचा. त्यात एक फाइल 4 जीबीपेक्षा मोठी मावत नाही, मग पेनड्राइव्ह 32 चा असो की 128 चा. तो एक्सफॅट किंवा एनटीएफएस या दुसऱ्या साच्यात फॉरमॅट केला की घेईल. पण फॉरमॅट म्हणजे सगळं पुसणं. ज्या पेनड्राइव्हवर भाच्याचे फोटो आहेत तो चुकून हातात येऊ देऊ नका, नाहीतर मेल वाचतील आणि घरात भांडण होईल.

बॅकअप घेतल्यावर तो उघडून पाहा. आतल्या मेल फोल्डरात, तुमच्या खात्याच्या फोल्डरमध्ये, इनबॉक्स नावाची फाइल आहे का, आकार 6.2 आहे का. हे मी उगाच सांगत नाही. लोडशेडिंगचे दिवस होते तेव्हाची गोष्ट. मिरजेत तंबोरे-सतारी करणारे कारागीर आहेत हे तुम्हाला ठाऊक असेल. त्यातल्या एकांचा परदेशी गिऱ्हाइकांशी सगळा व्यवहार मेलवर चालायचा, तेव्हाच्या आउटलुक एक्स्प्रेसमध्ये. फार हळू चालतंय म्हणून मला बोलावलं. तिथेही हेच, वह्या फुगलेल्या. मी कॉम्पॅक्ट दाबलं चार वाजायला दहा कमी असताना. चारला आमच्या भागातली वीज जायची, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. यूपीएसची बॅटरी मेलेली होती, तेही मला माहीत होतं, कारण बदला म्हणून मीच सांगितलं होतं. चार वाजता पडदा काळा झाला. वीज आल्यावर फोल्डर उघडेना. दोन वर्षांची पत्रं गेली. त्या भल्या माणसाने मला चहा पाजला आणि पुढचा आठवडाभर एकेका गिऱ्हाइकाला 'तुमची ऑर्डर नेमकी काय होती' असं लिहीत बसला. त्या दिवसापासून प्रत घेतल्याशिवाय मी कुणाच्याही मशीनवर कॉम्पॅक्ट दाबत नाही. तुम्हीही वीज जायच्या वेळी हे काम काढू नका. यूपीएस चांगला असेल अशा वेळी, किंवा लॅपटॉप असेल तर पूर्ण चार्ज करून, करा.

बॅकअपनंतर थंडरबर्ड उघडा आणि इनबॉक्समध्ये मेल नीट दिसतात का ते बघा. दहा-बारा जुने मेल उघडून वाचा, अगदी 2014 चेसुद्धा. हे झाल्याशिवाय एनएसटीएमपी पुसायचं नाही. क्वचित असं होतं की जुनी वही टाकून झालेली असते, पण नवीला नाव द्यायचं राहतं. मग एनएसटीएमपी हीच एकुलती एक प्रत असते. तुमच्या बाबतीत तसं वाटत नाही, कारण इनबॉक्स अजून 6.2 आहे. मेल ठीक असतील तर थंडरबर्ड पुन्हा बंद करा आणि उघड्या ठेवलेल्या फोल्डरमधून एनएसटीएमपी आणि त्याच नावाची एमएसएफ फाइल पुसा. 2.6 जीबी परत आली. मग थंडरबर्ड उघडून ट्रॅशवर राइट क्लिक, ट्रॅश रिकामं करा. आणखी 2.1. तुमच्याकडे 1.9 होतीच. बेरीज 6.6 जीबी आणि गरज 4.1 ची. विंडोजचा रिसायकल बिनही रिकामा करायला विसरू नका, नाहीतर एनएसटीएमपी तिथे जाऊन बसलेलं असेल आणि तुम्ही मला पुन्हा पत्र लिहाल.

अँटीव्हायरस राहिला. तुमच्या पत्रातल्या 'लिहिता आलं नाही' या संदेशाचं कारण जागा हेच असावं, पण जागा भरपूर असूनही हा संदेश आला तर संशय अँटीव्हायरसवर घ्या. थंडरबर्ड वही लिहीत असतं आणि हा प्रत्येक ओळीला खांद्यावरून डोकावतो. ज्या क्षणी जुनी वही टाकून नवीला नाव द्यायचं, त्याच क्षणी त्याने फाइल धरून ठेवली की काम अडलं. अँटीव्हायरसच्या सेटिंगमध्ये थंडरबर्डचं प्रोफाइल फोल्डर तपासणीतून वगळा. भीती वाटत असेल तर थंडरबर्डच्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटी भागात अँटीव्हायरससाठी एक खूण आहे, येणारा प्रत्येक मेल सुटा तपासू देण्याची. ती करा. त्याने येणारा मेल आधी वेगळ्या फाइलमध्ये उतरतो, तपासला जातो आणि मग वहीत चढतो. ही खूण नसेल आणि एका मेलमध्ये व्हायरस सापडला, तर एखादा आगाऊ अँटीव्हायरस अख्खी इनबॉक्सची फाइल उचलून कोठडीत टाकतो. एका चोरासाठी सगळं गाव तुरुंगात. तसंच प्रोफाइल फोल्डर ढगातल्या (क्लाउड) ड्राइव्हशी आपोआप जुळणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवलं असेल तर बाहेर काढा, तिथेही फाइल धरून ठेवण्याचा हाच प्रकार होतो.

आता फाइल मेनूतून ऑफलाइन व्हा, म्हणजे मधेच नवा मेल येऊन वहीत घुसणार नाही. इनबॉक्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, त्यात रिपेअर फोल्डर. याने मेलला धक्का लागत नाही, फक्त अनुक्रमणिका नव्याने तयार होते. कॉम्पॅक्ट करताना कुठला मेल घ्यायचा, कुठला सोडायचा, हे थंडरबर्ड अनुक्रमणिकेवरून ठरवतं. अनुक्रमणिका चुकीची असेल तर चांगला मेल सुटायचा. म्हणून आधी रिपेअर, मग कॉम्पॅक्ट, उलट नाही. 6 जीबीला वेळ लागेल. खाली पट्टी सरकत असते, ती थांबेपर्यंत माउसला हात लावू नका. मग पुन्हा इनबॉक्सवरच राइट क्लिक करून कॉम्पॅक्ट. फाइल मेनूतलं 'सगळी फोल्डरं कॉम्पॅक्ट' या वेळी नको, एकावेळी एकच. झालं की डिस्कवर इनबॉक्स 4.1 च्या घरात आला पाहिजे.

त्यानंतर सवड काढून वर्षावर फोल्डरं करा, 2014, 2015, अशी. नमुन्यांचे फोटो कारखान्याच्या वेगळ्या फोल्डरमध्ये सेव्ह करून मेलमधून काढून टाका. मेलमध्ये फोटो जसाच्या तसा जात नाही, तो अक्षरांत बदलून जातो, तीन बाइटची चार अक्षरं. तीन एमबीचा डब्ल्यू 320 चा फोटो वहीत चार एमबीहून जास्त जागा खातो. तुमच्या 4.1 मध्ये मजकूर किती असेल म्हणता? मला विचाराल तर मूठभर. बाकी सगळे काजू.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांशी झालेला पत्रव्यवहार चुकून डिलीट झाला, वर ट्रॅशही रिकामं केलं. दोनेकशे मेल होते. खातं पॉपचं, प्रोग्रॅम थंडरबर्ड. मुलगा म्हणतो, विसरा. खरंच गेले?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : गुरुजी, मुलाला म्हणावं थांब. वरचं कुडाळच्या ताईंचं उत्तर वाचलंत ना? त्यांना जो ताप झाला तो तुमच्या कामी येणार आहे. ट्रॅशमधली प्रत गेली, पण इनबॉक्सच्या वहीत त्या दोनशे मेलवर फक्त काट आहे. जोवर कॉम्पॅक्ट झालेलं नाही तोवर ते तिथेच आहेत. म्हणून हे वाचताय त्या क्षणी थंडरबर्ड बंद करा. कॉम्पॅक्ट करू का असं त्याने मधे विचारलं असेल आणि तुम्ही हो म्हणाला असाल, तर मात्र मुलाचं खरं. तेव्हा जुना बॅकअप शोधणं एवढंच हातात उरतं.

नसेल विचारलं, तर इनबॉक्स नावाच्या फाइलची एक प्रत डेस्कटॉपवर घ्या. मूळ फाइलला हात लावायचा नाही, जे करायचं ते प्रतीवर. प्रतीचं नाव ठेवा 'शोध', शेवटी टिंब आणि अक्षरं काही नकोत. मोठ्या फायली पेलणाऱ्या एखाद्या मजकूर संपादकात ती उघडा. विंडोजच्या नोटपॅडला एवढी फाइल झेपणार नाही, मशीन गारठेल. प्रत्येक मेलच्या डोक्यावर 'एक्स-मोझिला-स्टेटस' अशी एक इंग्रजी ओळ दिसेल आणि पुढे चार अंक. वाचलेल्या मेलला 0001. डिलीट केला की त्यात 8 मिळवले जातात. ही ती काट. म्हणून तुमचे हरवलेले मेल बहुतेक 0009 म्हणून पडले असतील. न वाचता उडवलेले 0008. उत्तर दिलेल्याचे 2 असतात, म्हणजे वाचून, उत्तर देऊन उडवलेला मेल एक अधिक दोन अधिक आठ, अकरा. पण ही मोजणी सोळाच्या पायाची, तिथे अकराला इंग्रजी बी लिहितात, म्हणून तो 000बी असा दिसेल. गणिताचे शिक्षक असाल तर मजा येईल, मराठीचे असाल तर माफ करा.

संपादकातल्या 'शोधा आणि बदला'ने त्या ओळीतले 0009 आणि 000बी हे 0001 करा, 0008 हे 0000 करा. शोधताना नुसते अंक नकोत, 'एक्स-मोझिला-स्टेटस' ही पूर्ण ओळ घ्या, नाहीतर कुणाच्या फोन नंबरातले 0009 बदलाल. अंक चारच राहिले पाहिजेत. सेव्ह करा आणि 'शोध' ही फाइल प्रोफाइलच्या आत मेल, त्यात लोकल फोल्डर्स, तिथे ठेवा. थंडरबर्ड उघडलं की डावीकडे लोकल फोल्डर्सखाली 'शोध' दिसेल. त्याची अनुक्रमणिका ते स्वतः बनवतं. त्यात तुमचे दोनशे असतील, शिवाय मागच्या कॉम्पॅक्टनंतर उडवलेला सगळा पालापाचोळाही. बँकांच्या जाहिराती, विम्याची आमंत्रणं, सगळे उठून उभे राहतील. त्यांतून मुलांचे मेल वेचून नव्या फोल्डरमध्ये ठेवा आणि मग 'शोध' काढून टाका.

प्रश्न : थंडरबर्ड अधूनमधून विचारतं, फोल्डरं कॉम्पॅक्ट करून जागा वाचवू का? मी भीतीने दर वेळी नाही म्हणते. बरोबर करते का? आणि एकदा हो म्हटलं तर म्हणालं, दुसरं काम चालू आहे, नंतर प्रयत्न करा.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : बॅकअप ताजा असेल तर हो म्हणा. वर्षभर नाही म्हणत राहिलात तर कुडाळच्या ताईंसारखी एकदम मोठी वही अंगावर येईल. छोटी वही उतरवायला वेळही कमी आणि जागाही कमी. सेटिंगमध्ये जनरल, त्यात खालच्या बाजूला डिस्कच्या जागेच्या भागात हा आकडा असतो : अमुक एमबी वाचणार असतील तरच कॉम्पॅक्ट कर. पूर्वी तो 20 असायचा, म्हणून सारखा विचारून वैताग द्यायचा. आता 200 असतो. तोच ठेवा. एक गंमत : आतल्या सेटिंगच्या यादीत या आकड्याच्या नावात 'थ्रेशोल्ड' शब्दाचं इंग्रजी स्पेलिंगच चुकलंय, एक एच जास्त आहे. नाव बदललं तर लोकांची जुनी सेटिंगं तुटतील, म्हणून अशा चुकांना सहसा कुणी हात लावत नाही. कुणी बरोबर स्पेलिंगने शोधायला गेला तर त्याला ते सापडत नाही. मीही एकदा पाऊण तास शोधत बसलो होतो.

'दुसरं काम चालू आहे' याला घाबरू नका. त्याच वेळी नवे मेल उतरत असतील, नाहीतर फिल्टर मेल हलवत असेल, नाहीतर शोधयादी बनत असेल. एकाच वहीत दोघांनी एकदम लिहायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. थंडरबर्ड बंद करून पुन्हा उघडा, ऑफलाइन व्हा, पाच मिनिटं थांबा आणि मग करा. तरीही तेच आलं तर टास्क मॅनेजरमध्ये थंडरबर्ड मागे अडकून राहिलंय का ते बघा, किंवा मशीन एकदा बंद-चालू करा.

प्रश्न : आमच्या ऑफिसात आयमॅप आहे, म्हणजे मेल सर्व्हरवरच राहतात. माझ्या मशीनवर एक फोल्डर कॉम्पॅक्टच होत नाही, रिपेअर केलं तरी मेलची यादी कोरी येते. बाकीच्यांच्या मशीनवर तेच फोल्डर छान दिसतं.
— एक वाचक, पुणे

उत्तर : बाकीच्यांना दिसतं म्हणजे मूळ माल सर्व्हरवर बहुधा शाबूत आहे. तुमच्या मशीनवर आहे ती नुसती नक्कल. थंडरबर्ड बंद करा, प्रोफाइलमध्ये आयमॅपमेल नावाच्या फोल्डरात जा, तिथली त्या फोल्डरची फाइल आणि तिची एमएसएफ, दोन्ही बाजूला काढून ठेवा. थंडरबर्ड उघडून ते फोल्डर निवडा. यादी सर्व्हरवरून नव्याने उतरेल. मोठं असेल तर चहा पिऊन या. फक्त आधी वेबवरून खात्यात जाऊन मेल खरंच तिथे आहेत ना ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने सांगितलेलं धरू नका, त्याच्या मशीनवरही जुनी नक्कलच दिसत असेल. आणि लोकल फोल्डर्सखालच्या कशालाही हा उपाय लावायचा नाही. तिथे नक्कल नसते, ते सगळं मूळच असतं.

प्रश्न : प्रत्येक मेलची वेगळी फाइल ठेवायची सोय थंडरबर्डमध्ये आहे म्हणे. मग कॉम्पॅक्टची कटकटच नको. बदलू का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आहे, तिला मेलडिर म्हणतात. एक मेल उडवला की त्याची एक फाइल जाते आणि काम संपतं, हे खरं. पण थंडरबर्ड अजूनही तिला प्रयोगाधीनच म्हणतं. शिवाय चाळीस हजार मेल म्हणजे चाळीस हजार चिटुकल्या फायली. त्यांचा बॅकअप पेनड्राइव्हवर उतरवायला गेलात की संध्याकाळ होईल आणि अँटीव्हायरस एकेकीची झडती घेत बसेल. चालू खातं बदलू नका. प्रयोग करायचाच असेल तर एखादं नवं, बिनमहत्त्वाचं खातं त्या पद्धतीने उघडा, सहा महिने वापरा आणि काय झालं ते मला कळवा. माझ्या दुकानातल्या मशीनवर तेच चाललंय, चौथा महिना आहे.